सोडवून आणलेल्या पाटल्या

(प्रस्तावना)

1972 साली पावसाने पाठ फिरवली तेव्हा मी सात वर्षांची होते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावची विहीर दिवाळीआधीच तळाला गेली. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, शाळेत सुकडी मिळे आणि घरात मिलोची तांबडी भाकरी. एके सकाळी आईने हातातल्या दोन पाटल्या काढल्या, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधल्या आणि वडिलांकडे दिल्या. संध्याकाळी ते बैलांच्या कडब्यापुरते पैसे घेऊन परतले. आजीने विचारले, "विकल्या का रे?" वडील म्हणाले, "नाही आई. तारण ठेवल्यात."

त्याच रविवारी पाळकसाहेबांच्या उपदेशात तोच शब्द आला. प्रभूने आपले तारण केले, असे ते म्हणाले आणि मी चमकून आईच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिले. प्रभूने आपल्याला सावकाराकडे ठेवले की काय? घरी येताना वाटेत आईला विचारले. ती म्हणाली, "सावकाराच्या पेटीत आपणच जाऊन बसतो, बाई. प्रभू सोडवून आणतो."

सोडवून आणणे म्हणजे काय, ते मला तीन वर्षांनी दिसले. मामा दुसऱ्या तालुक्यात प्राथमिक शिक्षक होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आला तो सरळ सावकाराकडे गेला, मुद्दल आणि व्याज चुकते केले आणि रुमालात बांधलेल्या पाटल्या घेऊन घरी आला. "अक्का, हात पुढं कर," एवढेच म्हणाला. त्याचे स्वतःचे घर तेव्हा कुडाचे होते. आई खूप रडली. मग तिने पत्र्याचा एक डबा घेतला आणि बाजारातून उरलेली चिल्लर त्यात टाकू लागली, भावाचे फेडायचे म्हणून. वर्षाने तो डबा घेऊन ती त्याच्याकडे गेली. मामाने डबा उघडलासुद्धा नाही. "फेडायचंच म्हणशील तर मी सावकार झालो, अक्का. मला भाऊच राहू दे." ते पैसे पुढे शेजारच्या एका मुलीच्या शाळेच्या फीला गेले. आई मात्र डब्यात चिल्लर टाकतच राहिली, आणि दरवर्षी तो कुणाच्या ना कुणाच्या अडीनडीला उघडत राहिला.

शब्बाथ शाळेत आणि घरोघरच्या प्रार्थनासभांत अनेक वर्षे शिकवताना मी तारणाविषयी पुष्कळ वाचले. या पुस्तकातले बावन्न पाठ त्यातूनच तयार झाले. पण मला जे सांगायचे आहे ते त्या दोन पाटल्यांत आणि त्या डब्यात पुरते मावते. आधी सोडवणूक होते, मग जगणे सुरू होते. चांगल्या जगण्याने सोडवणूक विकत मिळत नाही. सोडवलेला माणूस चांगले जगू लागतो. हा क्रम बायबलचा कणा आहे. तो उलटला की धर्म ओझे होतो, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग विसरला की धर्म नुसता बोलण्यापुरता उरतो. आपल्या मंडळ्यांत मी दोन्ही पाहिले आहे. डबा भरला तरच पाटल्या मिळतील या भीतीने आयुष्यभर झुरणारी माणसे पाहिली आणि पाटल्या फुकट मिळाल्या, आता डबा कशाला, असे म्हणणारीही पाहिली. हे पुस्तक दोघांसाठी आहे.

क्रमाचा पहिला पुरावा दहा आज्ञांत आहे. आपण त्या मुलांकडून पाठ करून घेतो तेव्हा बहुधा पहिल्या आज्ञेपासून सुरुवात करतो. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात मात्र आज्ञांच्या आधी एक वाक्य आहे. त्यात देव स्वतःची ओळख करून देतो, मिसरच्या दास्यातून तुम्हाला बाहेर काढणारा तो मी, अशी. सिनाय डोंगराशी येईपर्यंत इस्राएली लोकांना या दहा आज्ञा अजून मिळालेल्याच नव्हत्या. तरी तांबडा समुद्र मागे पडला होता. मोकळ्या झालेल्या माणसांनी मोकळे कसे राहायचे, हे शिकवायला आज्ञा आल्या. शब्बाथाची आज्ञाच पाहा. दासाला सुट्टी नसते. जो आता कुणाचा दास नाही त्यालाच सांगता येते, की एक दिवस थांब, आणि तुझ्या गड्यालाही थांबू दे.

दुसरा पुरावा माझ्या मामाच्या फार जवळचा आहे. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात नियम आहे, की कुणी गरिबीने आपली जमीन विकली तर त्याच्या जवळच्या नातलगाने येऊन ती सोडवावी. या सोडवणाऱ्या आप्ताला हिब्रू भाषेत गोएल म्हणतात. रूथच्या पुस्तकात बवाज असा गोएल होतो. त्याच्याहून जवळचा एक नातलग असतो, पण रूथशी लग्नही करावे लागेल म्हटल्यावर स्वतःच्या वतनाला बाध येईल म्हणून तो मागे सरतो. गावाच्या वेशीत पायातले पायतण काढून देतो आणि बाजूला होतो. बवाज ते नुकसान पत्करतो. परक्या मवाब देशातून आलेली विधवा रूथ त्याच्या घरात येते आणि तिच्या वंशात पुढे दावीद राजा जन्मतो. मत्तयाने येशूच्या वंशावळीत रूथचे नाव मुद्दाम लिहून ठेवले आहे. सोडवायचे तर आधी नाते लागते, मग किंमत मोजायची तयारी लागते. देवाचा पुत्र मनुष्य झाला, या शिकवणीचा अर्थ मला इथे उलगडला. परका माणूस गोएल होऊ शकत नाही. म्हणून तो आपला आप्त झाला.

तिसरा पुरावा जक्कयाचा. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातली ही गोष्ट आपल्या मुलांना पाठ असते, आणि मराठी बायबलमध्ये जक्कय उंबरावर चढतो म्हणून ती फार जवळची वाटते. मूळ झाडही वड-उंबराच्याच कुळातले. तो यरीहोच्या जकातदारांचा मुख्य, रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून पैसा वसूल करणारा, आणि वर स्वतःचा हात मारणारा. त्या झाडाखाली येऊन येशू वर पाहतो, त्याला नावाने हाक मारतो आणि आज तुझ्या घरी उतरणार आहे असे सांगतो. एवढे होईपर्यंत जक्कयाने काहीही कबूल केलेले नाही, एक पैसाही परत केलेला नाही. लोक कुरकुरतात ते याचसाठी. मग जक्कय उभा राहतो आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट, असे जाहीर करतो. नियमशास्त्रात आपण होऊन चूक कबूल करणाऱ्याने मूळ रकमेत पाचवा हिस्सा घालून परत करावे, एवढेच सांगितले आहे. चौपट भरपाई ही मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्यासाठी होती. जक्कयाने स्वतःला चोराच्या रांगेत उभे केले आणि चोराचा दंड आनंदाने भरला. आणि येशूने आज या घराला तारण मिळाले असे म्हटले. त्यातल्या 'आज' आणि 'घर' या दोन शब्दांवर या पुस्तकातले चार पाठ आहेत. तारण मेल्यानंतरच्या स्वर्गाची वाट दाखवतेच, पण ते आज, इथे, हिशेबाच्या वहीपाशी येऊन बसते.

मग किंमत कोणी मोजली आणि कोणाला दिली? मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू आपले जीवन अनेकांसाठी खंडणी म्हणून द्यायला आल्याचे सांगतो. तिसऱ्या शतकात ओरिजेनने ही खंडणी सैतानाला दिली असे समजावले. चौथ्या शतकात नाझियांझच्या ग्रेगरीने त्याला हरकत घेतली, लुटारूला असा मोबदला मिळणे हाच मोठा अन्याय होईल म्हणून. 1098 मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात अन्सेल्मने ऋणाची भाषा वापरली: देवाचा जो मान माणसाने बुडवला तो माणसानेच भरायला हवा, पण भरण्याची ताकद देवातच आहे, म्हणून देव-मनुष्य हवा. या सगळ्यांत मला सत्याचा अंश दिसतो, आणि प्रत्येक दाखला एका जागी थांबतो हेही दिसते. माझ्या मामाच्या गोष्टीतही सावकार आहे. देवाच्या गोष्टीत देव सावकार नाही, तो मामाच्या जागी आहे. सोडवणाऱ्याला स्वतःच्या अंगावर झळ सोसावी लागली, एवढे मात्र सगळ्या उपमांत समान आहे. वधस्तंभाखाली उभे राहिल्यावर ते नाकारता येत नाही.

बायबल तारणाला एकाच दाखल्यात बांधत नाही. ऋण आहे तसे दास्य आहे, आजार आहे, हरवणे आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत तारण करणे आणि बरे करणे यांसाठी एकच क्रियापद येते. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली बाई गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते, तेव्हा तो तिला तिच्या विश्वासाविषयी जे सांगतो त्यात दोन्ही अर्थ आहेत. तिचे अंग बरे झाले, आणि चारचौघांत अशुद्ध मानली गेलेली ती बाई मुलगी म्हणून हाक मारली गेली. आपल्याकडे आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना, किंवा पाळीच्या दिवसांत अजूनही बाजूला बसवल्या जाणाऱ्या मुलीशी बोलताना, तारण हा शब्द दोन्ही अर्थांनी लक्षात ठेवायला हवा.

आता त्या जुन्या वादाकडे येते, जो प्रार्थनासभेत हमखास निघतो. पौल रोमकरांस पत्रात म्हणतो, की माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे. याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नुसता विश्वास पुरत नाही असे बजावतो. दोघेही साक्षीला अब्राहामालाच उभे करतात. कोणत्या अब्राहामाला, ते पाहिले की गाठ सुटते. पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातला अब्राहाम दाखवतो, ताऱ्यांकडे पाहून देवाच्या वचनावर विसंबलेला. त्याची सुंता अजून व्हायची आहे, ती सतराव्या अध्यायात येते. याकोब बाविसाव्या अध्यायातला अब्राहाम दाखवतो, इसहाकाला घेऊन मोरियाच्या डोंगरावर चढणारा. मधे अनेक वर्षे गेली आहेत. पौल मुळाविषयी बोलतो, याकोब फळाविषयी. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे दोन्ही लागून येतात: आठव्या-नवव्या वचनात कृपेचे दान, आणि दहाव्यात आपण सत्कृत्यांसाठी घडवले गेलो हे. पहिली दोन पाठ असतात, तिसरे आपण वाचायचे थांबतो. रोमकरांस पत्राची रचनाही अशीच आहे. अकरा अध्याय देवाने काय केले ते सांगण्यात जातात आणि बाराव्याची सुरुवात 'म्हणून' या अर्थाच्या शब्दाने होते. रोजचे सगळे ख्रिस्ती जगणे त्या 'म्हणून'च्या पुढे आहे.

1522 मध्ये मार्टिन लूथरने जर्मन नवा करार छापला. त्या वेळी याकोबाच्या पत्राविषयी तो फार कडक बोलला, पण त्याच पुस्तकात रोमकरांस पत्राला जोडलेल्या प्रस्तावनेत विश्वास ही जिवंत, धडपडणारी गोष्ट आहे आणि ती सत्कर्मांवाचून राहू शकत नाही, हेही त्यानेच मांडले. दोनशे वर्षांनी, 24 मे 1738 च्या संध्याकाळी, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत कोणीतरी तीच प्रस्तावना वाचत होते आणि जॉन वेस्ली ऐकत बसला होता. त्याआधी तो उपास करी, तुरुंगातल्या कैद्यांना भेटे, काटेकोर नेम पाळी. पण ख्रिस्ताने माझे पाप, माझेसुद्धा, दूर केले ही खात्री त्याला त्या रात्री मिळाली. त्यानंतर त्याची सेवा थांबली नाही. ती घोड्यावर बसून गावोगाव गेली. पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लूथरन मंडळ्यांच्या जागतिक संघाने नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि 2006 मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले. वसईचा कॅथलिक वाचक आणि नगरचा प्रॉटेस्टंट वाचक हे पुस्तक शेजारी बसून वाचू शकतील, अशी माझी उमेद त्यामुळेच वाढली.

तारण शब्दाइतकाच सत्य हा शब्दही मी या पुस्तकात जपून वापरला आहे. हिब्रू भाषेत सत्याला एमेत म्हणतात आणि विश्वासूपणाला एमूना. दोन्ही एकाच धातूपासून आले, आणि आपण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो ते आमेनही त्याच धातूचे. पक्के असणे, भार सोसणे, हा त्याचा मूळ भाव. बायबलमध्ये सत्य म्हणजे ज्यावर पाठ टेकता येते असे काही. म्हणून बायबलचे सत्य नुसते पटवून घ्यायचे नसते, त्यावर भार टाकून पाहायचा असतो. त्यासाठी ते नीट वाचावे लागते. एक वचन सुटे उचलून कुणाच्याही तोंडावर फेकता येते. सैतानानेही रानात तेच केले. वचनाच्या मागचे-पुढचे वाचा, ते गीत आहे की पत्र की दृष्टांत ते पाहा, त्याला येशूच्या शिकवणीच्या उजेडात धरा आणि एकट्याने नव्हे, दोघांचौघांत बसून वाचा. बिरुयातल्या लोकांनी पौलाचेही बोलणे रोज शास्त्र उघडून तपासले आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचे कौतुकच आहे. पाळकसाहेबांना प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, हे आपल्या तरुणांना कुणीतरी सांगायला हवे, म्हणून इथे सांगते.

आपल्या हातात आपल्या भाषेत शास्त्र आहे, यामागे चार शतकांचे कष्ट आहेत. 1579 साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने ख्रिस्ताची सबंध कथा मराठी ओवीत बांधली आणि 1616 मध्ये रायतूरला 'क्रिस्तपुराण' छापले गेले. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने मराठीचे काम केले आणि 1805 साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. 1813 मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी 1826 साली मराठी नवा करार दिला. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहून काढले. या सगळ्यांत मला सर्वांत जवळचे वाटते ते केडगावचे काम. पंडिता रमाबाई संस्कृतच्या पंडिता, तरी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सबंध बायबल साध्या मराठीत आणले, खेड्यातल्या बाईला वाचताना अडू नये म्हणून. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या हातांत दुष्काळातून वाचलेल्या मुलींचे हात होते. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या तेव्हा त्यांचे काम पुरे झालेले होते. 1924 मध्ये ते बायबल बाहेर पडले.

आधी सोडवणूक, मग जगणे या क्रमाची सर्वांत बोलकी साक्षही रमाबाईंचीच आहे. 1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी लंडनच्या फुलम भागात पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या होत्या. या बायकांविषयी यांना एवढी कळकळ का, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. तरीही आपल्या साक्षीच्या पुस्तकात रमाबाई मोकळेपणाने सांगतात, की त्या दिवसांत त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. ज्या बाईने शारदा सदन उभे केले, ती म्हणते की माझ्या चांगुलपणावर मी तरणार नव्हते. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. लहानपणी दुष्काळातच त्यांचे आईवडील गेले होते. केडगावला शेती, तेलाचा घाणा, विणकाम, छापखाना सुरू झाले; फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभे राहिले, अंध स्त्रियांसाठी बार्तीमय सदन. ज्याला कृपा मिळाली तो आपल्या इमारतीला कृपेचे नाव देतो आणि त्या नावाला जागतो.

उरलेले पाठ रोजच्या जगण्याविषयी आहेत. ते विषयवार लावले आहेत: प्रार्थना, काम, पैसा, जीभ, घर, क्षमा, जात. काही ठिकाणी ते टोचतील. टोचावेत अशीच इच्छा आहे.

क्षमेचा पाठ मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दृष्टांतावर आहे. राजाने ज्याला दहा हजार तालांतांचे कर्ज सोडले, तोच बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. एका तालांतात सहा हजार दिनार. म्हणजे दहा हजार तालांत म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी, एका माणसाची दीड लाखाहून अधिक वर्षे. आणि सोबत्याकडून येणे होते शंभर दिवसांचे. शंभर दिवसांची मजुरी गरिबाला लहान नसते, हे मी दुष्काळात पाहिले आहे. आपल्यावर झालेला अन्याय खोटा आहे असे येशू म्हणत नाही. पण पहिला आकडा डोळ्यांसमोर असेल तर दुसरा कसा वसूल करायचा याची रीत बदलते. बांधाच्या वादात चुलत भावाशी बारा वर्षे न बोलणाऱ्या एका वडीलधाऱ्यांनी सभेत हा हिशेब कागदावर स्वतः केला. ते काही बोलले नाहीत. पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी भावाच्या दारात जाऊन उभे राहिले.

पैशाच्या पाठात मी दशांशाबरोबर मापाबद्दल लिहिले आहे. लेवीयात खऱ्या तराजूची आज्ञा देताना पुन्हा मिसरमधून सोडवल्याची आठवण दिली आहे. दुधात पाणी घालणे, कामगाराचा पगार अडवणे, परीक्षेत नक्कल करणे, हुंडा भेटीच्या नावाने घेणे, या सगळ्या आपल्या घरातल्या गोष्टी आहेत. आणि जात. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात मिळालेल्या नव्या कराराने 1895 साली बाप्तिस्म्यापर्यंत आणले. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला हे मनाने घेतले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो विचार पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि जेवणाच्या ताटापर्यंत नेला. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण त्यांचे कौतुक करतो आणि मग मुलामुलींची लग्ने जुळवताना मूळ कुठले ते हळूच विचारतो. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला तर सोडवणूक अर्धवट समजली, असे मी स्पष्ट लिहिले आहे, कारण तो प्रश्न मलाही विचारला गेला आणि माझ्या घरातूनही विचारला गेला.

हे सगळे वाचून कुणी घाबरले तर त्याने पुन्हा पहिल्या पानाकडे यावे. विश्वासू जगणे म्हणजे कधी न दमणारे जगणे नव्हे. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात अमालेकाशी लढाई चालू असता मोशे टेकडीवर हात वर करून उभा आहे. हात जड होतात. अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. हिब्रूत त्या स्थिर हातांसाठी शब्द आहे एमूना, तोच, विश्वासूपणाचा. ते हात एकट्याच्या बळाने स्थिर नव्हते. म्हणून हे पाठ एकेकट्याने संपवू नका. आठवड्याला एक, रात्रीच्या जेवणानंतर, कौटुंबिक उपासनेत घ्या. आधी शास्त्रभाग मोठ्याने वाचा, लहानाला वाचू द्या. मग पाठ. शेवटी एकच प्रश्न दिला आहे. त्याचे उत्तर शब्दांत देण्याची घाई नको, आठवडाभर ते हातांना देऊ द्या.

ज्या मंडळीने हे पाठ ऐकून घेतले आणि जिथे मी चुकले तिथे थांबवले, तिची मी ऋणी आहे. आईवडील आणि मामा प्रभूपाशी विसावले आहेत. पाटल्या आता माझ्या हातात आहेत. आई त्या घालताना म्हणे, "या माझ्या नाहीत, सोडवून आणलेल्या आहेत." पौलाने करिंथकरांना जे समजावले, की तुम्ही तुमचे नाही, किंमत देऊन घेतलेले आहात, ते मी पहिल्यांदा असे ऐकले. भाकरी थापताना पाटल्या कोपराकडे सारते तेव्हा तिचे बोलणे रोज आठवते. आणि पत्र्याचा तो डबा अजून आमच्या फळीवर आहे. त्याला गंज चढला आहे, पण झाकण अजून नीट उघडते.

अहिल्यानगर
आगमनकाळाचा पहिला रविवार